पाहुणी थंडी, घरची ऊब

कोजागरी उलटली की रिठदच्या शिवाराचा आणि माझ्या दवाखान्याचा रंग एकदमच पालटतो. सोयाबीनची मळणी आटोपून रान हरभऱ्यासाठी मोकळे होते आणि दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्यांचे वय वाढते. पावसाळ्यात तो बाक तापाने फणफणलेल्या लेकरांचा असतो. कार्तिक-मार्गशीर्षात तो आजी-आजोबांचा होतो. कानाला मफलर, अंगावर शाल नाहीतर घोंगडी आणि तोंडी बहुधा एकच वाक्य : "मले काई नाई झालं डॉक्टर, निस्ती थंडी वाजून राह्यली."

या वाक्यातला 'काई नाई झालं' हा भाग मी गेली पंचवीसेक वर्षे सावधपणे ऐकत आलो आहे. तरुण माणसाला वाजते ती नुसती थंडी असू शकते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र तिच्यामागे चढलेला रक्तदाब, छातीत साचू लागलेला कफ किंवा रात्रभर न लागलेली झोप उभी असते. अशा वेळी मी गोळ्या लिहून देतोच. पण निम्मे उपचार चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत. ते घरात करावे लागतात : बाजेखाली, दाराच्या फटीत, चुलीपाशी आणि आपल्या दोन हातांनी. ज्येष्ठ वाचक आणि त्यांची काळजी वाहणारी घरातली माणसे या दोघांसाठी त्या निम्म्या उपचारांविषयी आज लिहीत आहे.

आपली थंडी पाहुणी आहे

वाशिमचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे. पाऊस सरला की आकाश निरभ्र होते आणि दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली सारी उष्णता त्या मोकळ्या आकाशाला देऊन टाकते. दुपारी सदरा नकोसा वाटावा आणि पहाटे दोन पांघरुणे अपुरी पडावीत, असा हा आपला हिवाळा. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली उतरले आणि ते नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान खाते त्याला थंडीची लाट म्हणते. अशा लाटेच्या रात्री आपल्याकडे मोजक्याच. म्हणून आपण म्हणतो, "ही कसली थंडी? थंडी तिकडे काश्मिरात."

या समजुतीला छेद देणारा एक अभ्यास १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. युरोपातल्या थंड आणि उबदार अशा दोन्ही प्रकारच्या प्रदेशांतील प्रौढ व वृद्धांच्या मृत्यूंची त्यात तुलना होती. तापमान १८ अंशांखाली एकेका अंशाने उतरत गेले, तेव्हा दक्षिण फिनलंडमध्ये मृत्यूंचे प्रमाण दर अंशामागे ०.२७ टक्क्यांनी वाढले. ग्रीसमधल्या अथेन्समध्ये, जिथला हिवाळा सौम्य, तिथे ते २.१५ टक्क्यांनी वाढले. म्हणजे सौम्य हिवाळ्याच्या गावात तेवढीच थंडी कितीतरी अधिक महाग पडली. कारण फिनलंडमधली घरे थंडीसाठीच बांधलेली असतात आणि तिथली माणसे टोपी-हातमोजे घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. उबदार प्रदेशात मात्र घर गार राहते आणि अंगावर पुरेसे कपडे नसतात. आपल्या देशातील मृत्यूंच्या एका मोठ्या पाहणीवर आधारलेला अभ्यासही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कडाक्याच्या थंडीपेक्षा मध्यम थंडीच्या वाट्याला अधिक मृत्यू येतात, असे त्यात आढळले. कारण तसे दिवस संख्येने फार असतात.

या दोन अभ्यासांचा आपल्यापुरता अर्थ सरळ आहे. थंडी आपल्याकडे पाहुणी म्हणून येते, आणि पाहुण्यासाठी कोणी घर बांधत नाही. जिथे घर थंडीशी झुंजत नाही, तिथे ती झुंज घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला द्यावी लागते.

शरीर कसे झुंजते

गार हवा लागताच त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, जेणेकरून आतली ऊब बाहेर जाऊ नये. वाहिन्या आकसल्या की रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो. आकसलेल्या वाहिन्यांतले रक्त आत वळते, तेव्हा मूत्रपिंड जास्तीचे पाणी बाहेर टाकते. म्हणून थंडीत लघवीला वारंवार जावे लागते. त्यात तहान कमी लागते, पाणी कमी प्यायले जाते आणि रक्त काहीसे घट्ट होते. हृदयविकाराचे झटके आणि अर्धांगवायू हिवाळ्यात वाढतात, त्यामागे ही सारी साखळी आहे.

तरुण शरीर कुडकुडून उष्णता निर्माण करते. वयाबरोबर स्नायू झडतात, कुडकुडणे मंदावते आणि थंडीची जाणीवही बोथट होते. म्हणूनच "मला एवढी थंडी वाजत नाही" असे आजोबा म्हणाले, तर तो त्यांच्या काटकपणाचा पुरावा मानू नये. त्यांच्या पोटावर आपला तळहात ठेवून पाहावा. हातपाय गार असणे नेहमीचे. पांघरुणाखालचे पोटही गार लागले, तर ती काळजीची गोष्ट आहे.

बाज कुठे टाकली आहे?

घरभेटीला गेलो की रुग्णाची नाडी पाहण्याआधी मी त्याची बाज कुठे टाकली आहे ते पाहतो. पुष्कळदा ती ओसरीवर असते. कारणेही समजण्यासारखी असतात : आजोबांना रात्री खोकला येतो, आतल्यांची झोपमोड होते, त्यांना उठून बाहेर जायला ओसरी सोयीची, शिवाय त्यांनाच तिथे करमते, येणारा-जाणारा दिसतो. कोणाचा हेतू वाईट नसतो. परिणाम मात्र असा होतो, की घरातली सर्वांत गार जागा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या वाट्याला येते.

दम्याचा जुना त्रास असलेले एक आजोबा दर हिवाळ्यात दोन-तीनदा श्वास कोंडून माझ्याकडे येत. त्यांच्या मुलाला मी सांगितले, "दिवसा त्यांना ओसरीवर बसू द्या; रात्री बाज आतल्या खोलीत, चुलीच्या धुरापासून लांब घ्या." सुनेने धान्याच्या कोठ्या सरकवून जागा केली. त्या हिवाळ्यात आजोबांना एकदाच यावे लागले. त्याचे सगळे श्रेय मी बाजेला देणार नाही. त्यांनी श्वासाचा पंप नियमाने ओढला होता आणि लसही घेतली होती. पण सगळ्यांत स्वस्त उपाय बाज हलवण्याचाच होता, एवढे नक्की.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. थंडीच्या दिवसांत घरातले तापमान किमान १८ अंश असावे आणि वृद्ध व आजारी माणसांसाठी त्याहून थोडे अधिक, असे त्यांत सुचवले आहे. टिनाच्या घरात पहाटे हा आकडा गाठणे कठीणच. आपल्या भागातली धाब्याची जुनी घरे या बाबतीत शहाणी होती. मातीच्या जाड भिंती दिवसभर ऊन पीत आणि रात्रभर ते घराला परत देत. आता त्यांच्या जागी पातळ भिंती आणि वर टिनपत्रे आली. नवे घर पाडून जुने बांधा, असे कोणी सांगणार नाही. पण त्या जुन्या घराचे मर्म उचलता येते. ते मर्म असे, की ऊब साठते ती वस्तूंच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत.

आता हेच एकेका जागी लावून पाहू.

*बाजेखाली :* सुतळीच्या बाजेला खालून गार हवा लागते आणि अंगाखाली दबलेली गादी पातळ होते. आपण वर दोन पांघरुणे देतो आणि खाली एकच सतरंजी अंथरतो. हे प्रमाण उलटे करावे. बाजेवर आधी धुऊन वाळवलेली दोन पोती, त्यावर जाड वाकळ आणि मग चादर अंथरावी. वर एका जाड, जड रजईपेक्षा दोन-तीन हलकी पांघरुणे बरी. थर अधिक होतात आणि अशक्त छातीवर वजनही येत नाही.

*छताखाली :* टिनाखाली वीतभर अंतर सोडून जुन्या धोतरांचे किंवा चादरींचे शिवलेले छत ताणून बांधावे. मधली हवा अडकून राहते आणि टिनाला जमलेले दवाचे थेंब अंगावर पडत नाहीत. विजेची तार, दिवा आणि चूल यांपासून हे कापड पुरेसे लांब ठेवावे.

*दाराखाली :* फाटलेल्या पँटचा एक पाय शिवून त्यात वाळू किंवा चिंध्या भरल्या, की दाराच्या फटीला लावायला उत्तम लोड तयार होतो. तो रात्री वृद्धांच्या पायात येणार नाही अशा बेताने ठेवावा. भिंत आणि टिन यांमधल्या फटी बुजवताना मात्र वरच्या अंगाला एक झरोका हमखास मोकळा सोडावा. का, ते पुढे येतेच आहे.

*पायाखाली :* पहाटेची फरशी गार असते. बाजेपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर न सरकणारे पोते किंवा चटई टाकावी आणि एक मंद दिवा रात्रभर जळू द्यावा. थंडीत वृद्ध जास्त वेळा उठतात, आणि अंधारात पडून खुब्याचे हाड मोडणे हा हिवाळ्यातला मोठाच अपघात आहे. उठताना बाजेच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे. शक्य असल्यास रात्रीपुरते लघवीचे भांडे बाजेजवळ ठेवावे. त्यात कमीपणा काही नाही.

शेगडी : ऊब आणि घात

झरोक्याचे कारण असे. एका डिसेंबरच्या सकाळी मला जवळच्या एका वस्तीवर बोलावणे आले. वृद्ध पती-पत्नी रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून, दारे-खिडक्या घट्ट लावून झोपले होते. सकाळी दार उघडेना म्हणून शेजाऱ्यांनी ते ढकलले. दोघांनाही उलट्या होत होत्या, डोके फुटेल इतके दुखत होते आणि आजींना माणसे ओळखू येत नव्हती. त्यांना मोकळ्या हवेत आणून प्राणवायू देण्यासाठी रुग्णालयात हलवले. दोघे वाचले. आणखी एक तास गेला असता, तर काय झाले असते ते सांगायला नको.

कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळाले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने खोकलाही येत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूला चिकटून बसते. झोपलेला माणूस जागा न होताच बेशुद्धीत जातो. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक आहे, ही समजूत म्हणूनच घातक. नियम एकच : शेगडीने खोली झोपण्यापूर्वी, दार उघडे ठेवून, उबदार करावी, आणि झोपताना शेगडी बाहेर, अंगणात. तिच्यावर पाणी ओतल्याशिवाय दिवा मालवू नये.

दुसरा घात शेकाचा. गावाकडे तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवण्याची पद्धत आहे. मधुमेह जुना झाला की पायांची संवेदना मंदावते. असे एक निवृत्त शिक्षक रात्रभर विटेवर पाय ठेवून झोपले. भाजल्याचे त्यांना कळलेच नाही. सकाळी मोजा काढताना कातडी त्याच्याबरोबर आली. जखम भरायला दोन महिने लागले आणि अखेर एक बोट गमवावे लागले. म्हणून वीट असो वा गरम पाण्याची पिशवी, ती माणूस बाजेवर येण्यापूर्वी अंथरुणात ठेवावी आणि तो येताच काढून घ्यावी. ऊब अंथरुणाला द्यायची, पायांना नव्हे. पायांना कोरडे लोकरी मोजे पुरेत.

आजीबाईच्या बटव्याला तीन प्रश्न

घरगुती औषधांविषयी माझ्या व्यवसायात दोन टोके दिसतात. कोणी त्यांना सरसकट हसतो, कोणी त्यांच्यावर सर्वस्व सोपवतो. मी प्रत्येक उपायाला तीन प्रश्न विचारतो : हा नेमके काय करतो? कोणाला बाधू शकतो? आणि किती दिवस वाट पाहायची?

*मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या :* घशाची खवखव कमी होते. पाणी गिळायचे नसल्याने रक्तदाब असलेल्यांनाही चालतात. दिवसातून तीन-चार वेळा कराव्यात.

*आले आणि मध :* मधाने खोकल्याची ढास कमी होते, विशेषतः रात्रीची. मधुमेहींनी तो साखरेइतकाच हिशोबात धरावा. मात्र घरातल्या एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. त्यातील जंतूंच्या बीजांमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

*हळदीचे दूध :* गरम द्रव पोटात जातो, घसा शेकतो, झोप चांगली लागते. एवढे गुण त्याला पुरेसे आहेत. न्यूमोनियावरचे औषध म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

*वाफ :* साध्या पाण्याची वाफ नाक मोकळे करते. भांडे मांडीवर घेऊ नये. थरथरत्या हातांनी ते कलंडते आणि मांड्या भाजतात. भांडे भक्कम पाटावर ठेवावे, शेजारी कोणीतरी असावे आणि पाच मिनिटांत आटोपावे.

*ओव्याची किंवा मिठाची पुरचुंडी :* तव्यावर गरम केलेल्या पुरचुंडीचा कोरडा शेक गुडघ्यांना आणि पाठीला आराम देतो. शेकणाऱ्याने ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. बधिर पायांना शेक देऊ नये.

*तिळाचे तेल :* थंडीत कोरडी पडून खाजणारी कातडी तेलाने मऊ होते. आंघोळीनंतर, अंग किंचित ओलसर असताना ते लावल्यास अधिक टिकते. मात्र एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर ती चोळू नये. आत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. नाकात तेल सोडण्याची सवयही वृद्धांसाठी सोडावी. गिळताना ठसका लागणाऱ्यांच्या बाबतीत ते तेल फुप्फुसात उतरू शकते.

*काढा :* करोनाच्या काळापासून काढा रोजचा झाला आहे. त्यात ज्येष्ठमध नेमाने आणि भरपूर पडत असेल, तर रक्तदाब वाढतो आणि रक्तातले पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो वगळावा. मिरी-दालचिनी हात राखून घालावी.

*डिंकाचे आणि मेथीचे लाडू :* भूक मंदावलेल्या कृश वृद्धांना ते उत्तम आहार आहेत. गूळ म्हणजे साखर नव्हे, असे मधुमेहींना वाटते. रक्ताला तो फरक कळत नाही. त्यांच्यासाठी तीळ, शेंगदाणे, जवसाची चटणी आणि गरम ज्वारीची भाकरी ही ऊब काही कमी नाही.

आणि तिसरा प्रश्न, किती दिवस? साधी सर्दी असेल तर तीन दिवस. चौथ्या दिवशीही उतार नसेल, ताप चढला असेल किंवा धाप लागत असेल, तर बटवा मिटून दवाखाना गाठावा.

घरगुती औषधांपेक्षा मला धास्ती वाटते ती दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळ्यांची. नाक मोकळे करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि पुरुषग्रंथी वाढलेल्यांची लघवी अडते. सांधेदुखीच्या तीव्र गोळ्या मूत्रपिंडाला बाधतात. त्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाबाची नेहमीची गोळी मात्र थंडीतच चुकवू नये. हिवाळ्यात रक्तदाब निदान पंधरा दिवसांनी एकदा मोजून घ्यावा.

पहाट, काकड आरती आणि पाण्याची पाळी

कार्तिकात काकड आरतीला जाणारे कितीतरी ज्येष्ठ माझ्या ओळखीचे आहेत. पहाटे चारला उठून गार पाण्याने आंघोळ, मग देऊळ. त्यांची ती वाट मी कधी अडवली नाही. तिथे त्यांना चार माणसे भेटतात आणि दिवसाला आकार येतो. फक्त क्रम बदलायला सांगतो. उठल्यावर अंथरुणातच हातपाय हलवावेत, कोमट पाणी प्यावे, कान-डोके झाकावे. आंघोळ कोमट पाण्याची असावी, आणि हृदयविकार असल्यास पहाटे हातपाय-तोंड धुऊन, पुरती आंघोळ दुपारी ऊन चढल्यावर करावी. देवाला ते चालते.

दुसरा वर्ग आहे गहू-हरभऱ्याला रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांचा. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते आणि मुलगा शहरात असला की साठी-पासष्टीचा बाप मोटार सुरू करायला जातो. ओल्या पायांनी, उघड्या रानात तासन्‌तास. त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरावेत. थंडी आणि साप, दोन्हींपासून रक्षण होते. कोरडे कपडे सोबत न्यावेत, एकट्याने जाऊ नये आणि छातीत दडपल्यासारखे वाटले तर पाणी तसेच वाहू द्यावे. पीक पुन्हा घेता येते.

हातांना काम

आता एका अशा उपायाविषयी, जो कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात नाही. हिवाळ्यात वृद्ध माणसे आक्रसतात, शरीराने आणि मनानेही. दिवस लहान, रात्र लांब, सांधे आखडलेले. घरचे प्रेमाने म्हणतात, "तुम्ही बसा, काही करू नका." बसून राहिल्याने स्नायूंतली ऊब घटते, आणि आपण कोणाच्या उपयोगाचे नाही ही भावना मनात घर करते.

आपल्या घरात यावर उपाय होताच. आजी उन्हात पाय पसरून वाकळ शिवायच्या. फाटकी लुगडी, धोतरे, नातवंडांचे तोकडे झालेले सदरे एकावर एक थर देऊन अंथरायचे आणि धावदोऱ्याने कडेपासून आत आत येत जायचे. कोणत्या रंगाशेजारी कोणता तुकडा, हे त्यांचे त्या ठरवत. त्यात बोटांना व्यायाम होता, उन्हाचा शेक होता, शेजारणींच्या गप्पा होत्या आणि अखेरीस अंगावर घ्यायला ऊब होती. आजोबा अंबाडीच्या वाखाचा दोर वळत, सैल पडलेली बाज सुतळीने पुन्हा विणून देत. चित्रकला शिकायला शहरात लोक पैसे मोजतात. आमच्या आजींची ती कला रोज पांघरुणात वापरली जाई.

पतीच्या निधनानंतर बोलणे जवळजवळ सोडलेल्या एका आजींना घेऊन त्यांची नात माझ्याकडे आली होती. गोळ्या सुरू केल्याच, त्याबरोबर नातीला म्हटले, "घरात जुने कपडे असतील, तर आजीकडून एक वाकळ शिवून घे. सुईत दोरा तू ओवून दे, टाके त्यांना घालू दे." चौथ्या महिन्यात आजी पुन्हा आल्या. "पाठ दुखते" अशी तक्रार घेऊन. कारण काय, तर दुसरी वाकळ लवकर संपवायची होती, नातीच्या लग्नासाठी. त्या तक्रारीचा मला आनंद झाला.

असे काम देताना काही पथ्ये पाळावीत. मोठ्या नेढ्याची सुई, जाड दोरा, चांगला उजेड. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालणे. ज्यांना सुई झेपत नाही, त्यांनी तूर निवडावी, लसूण सोलावा, वाती वळाव्यात. काम खरे असावे, वेळ घालवण्यासाठी काढलेले नसावे; म्हाताऱ्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

कधी थांबू नये

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, छातीत दडपण व घाम, बसूनही धाप लागणे : यांपैकी काहीही दिसले, तर शेक, लेप, काढा यांत एक मिनिटही न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वृद्धांच्या न्यूमोनियात ताप नसूही शकतो. अचानक गोंधळून जाणे, जेवण टाकणे, श्वास जलद होणे हीच त्याची चिन्हे असतात. अंग गार पडून बोलणे संथ झाले आणि गुंगी येऊ लागली, तर ओले कपडे बदलून, कोरड्या पांघरुणात गुंडाळून ताबडतोब रुग्णालयात न्यावे. वाटेत हातपाय जोराने चोळू नयेत आणि गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. फ्लूची दरवर्षीची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयी हिवाळा लागण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

मुले पुण्या-मुंबईला आणि आई-वडील गावी, अशीही घरे आता पुष्कळ. त्या मुलांनी फोनवर "तब्येत कशी आहे?" एवढेच विचारू नये, त्याला उत्तर ठरलेलेच येते. "काल रात्री किती वेळा उठलात? शेगडी बाहेर ठेवली का? पायात मोजे होते का? आज ऊन कुठे घेतले?" असे विचारावे. आणि पुढच्या खेपेला गावी याल, तेव्हा मिठाईच्या डब्याबरोबर भिंतीवर लावायचा एक साधा तापमापक आणावा. आई-वडिलांच्या उशाशी तो टांगून पहाटे पाचला आकडा पाहावा. तो अठराच्या फार खाली असेल, तर शाल आणण्यापूर्वी फटी बुजवाव्यात, झरोका मोकळा आहे ना ते पाहावे, बाजेखाली पोती अंथरावीत आणि बाज ओसरीवरून आत घ्यावी. दोन माणसांचे हे तासाभराचे काम आहे.